अनुभव धागा : शिवारात उभ्या राहिलेल्या दाट वसाहती (खानदेश)

जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार या शहरांच्या कडेच्या गावांत काळ्या जमिनी बिनशेती होऊन तिथे प्लॉट, रो-हाउस आणि आता चार-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. जे लोक आधीपासून तिथे राहतात किंवा शेती करतात, त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले लिहावे. ऐकीव गोष्टी टाळाव्यात. गावाचे आणि बिल्डरचे नाव कृपया देऊ नये.

केळीवाला, जळगाव तालुका
आमच्या बांधाला लागून पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओघळ होता. शेजारच्या गटात प्लॉट पडले, तेव्हा मुरूम टाकून तो बुजवला आणि जमीन आमच्यापेक्षा कमरेइतकी उंच केली. पुढच्या पावसात वरच्या शिवाराचे सगळे पाणी आमच्या केळीत थांबले. काळ्या जमिनीतून ते लवकर निचरत नाही, आणि केळीच्या मुळाला तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. पाने खालून पिवळी पडत गेली आणि खोड हाताने ढकलले तरी हलू लागले. पंचनामा झाला, पण ओघळाची नकाशावर नोंद नसल्यामुळे पुढे काही झाले नाही.

पांझराकाठची सून
आमच्याकडे सांडपाण्याचा प्रश्न मोठा आहे. नव्या इमारतींना गटार नाही, शोषखड्डे आहेत, आणि आपल्याकडच्या खडकात पाणी भेगांतून कुठल्या कुठे जाते. सासूबाई ज्या विहिरीचे पाणी प्यायला आणत, तिला आता वास येतो. विहीर आहे, पण टँकर बोलवावा लागतो.

फडकरी, साक्री तालुका
ताई, तुम्ही नदीकाठच्या आहात म्हणून फडाबद्दल लिहितो. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत आमच्याकडे शेकडो वर्षांची आहे. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी फिरवायचे, आणि पाट साफ करायला सर्वांनी उतरायचे, अशी ती व्यवस्था. फडाच्या मध्येच कोणी जमीन विकली की केवळ त्याचे शेत जात नाही. नव्या मालकाने कुंपण घातले, त्यातून जाणारी चारी बंद झाली, आणि तिच्या पुढची सगळी शेते कोरडी राहिली. कार्यालयात विचारणा केली, तेव्हा पाट हा 'तुमच्या आपसातला विषय' असल्याचे ऐकावे लागले. आता विक्रीआधी फडातल्या इतरांशी बोलावे, असे आम्ही ठरवले आहे. मात्र त्याला कागदोपत्री आधार काहीच नाही.

वसाहतीतला रहिवासी
मी त्या नव्या घरांपैकी एकात राहतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शहरात दोन खोल्यांचे भाडे परवडेना, म्हणून कर्ज काढून इथे आलो. जाहिरातीतल्या नकाशात बाग आणि रुंद रस्ता होता. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, हे मला नंतर कळले. आमच्या खुल्या जागेत सध्या उरलेल्या विटा आणि बाभळी आहेत. रस्ते अजून ग्रामपंचायतीकडे सोपवलेले नसल्यामुळे दिवाबत्ती नाही. गावकऱ्यांना आम्ही नकोसे वाटतो, पण विहिरीत घाण जावी म्हणून काही आम्ही आलेलो नाही.

जमीन विकलेला शेतकरी, धुळे तालुका
मी विकली. कापसाचा भाव, दोन मुलींची लग्ने आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब इथे मांडत नाही. लोक तोंडावर बोलत नाहीत, मागे बोलतात. ज्यांच्या बांधापर्यंत अजून दलाल पोहोचलेला नाही, त्यांना बोलणे सोपे आहे.

गाडवाटेवरून, भुसावळ तालुका
आमची गाडवाट इमारतीच्या भिंतीत गेली. बैलगाडी आता हायवेवरून न्यावी लागते, आणि तिथले ट्रक कोणासाठी थांबत नाहीत. वडील विचारतात, "आते काय करानं?" वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, आणि तो आम्ही केला आहे. जुन्या वाटेची साक्ष द्यायला शेजारचे दोन म्हातारे तयार आहेत. स्थळ पाहणीची तारीख अद्याप मिळालेली नाही. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, एवढे मात्र ज्यांची वाट अलीकडेच बंद झाली असेल त्यांनी ध्यानात ठेवावे.