2015 ची माझी पाच गाणी, आणि 'कट्यार'ची पदं त्यात का नाहीत

कळव्याचा_कानसेन

दहा वर्षं उलटली म्हणून परवा 2015 ची मराठी गाणी पुन्हा ऐकायला काढली. 2016 च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि त्याच्या आदल्या वर्षाचं कुणी नावच घेईना. पण ते वर्ष भलतं भरलेलं होतं.

माझं पहिलं गाणं 'मन धागा धागा'. 'दगडी चाळ' 2 ऑक्टोबरला आला. संगीत अमितराज, शब्द क्षितिज पटवर्धन, आवाज हृषिकेश रानडे आणि आनंदी जोशी. सिनेमा सगळा चाळीतल्या डॅडींचा आणि बंदुकांचा, आणि लोकांच्या ओठावर राहिलं काय, तर हे मवाळ गाणं. त्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत ते आहे. लोक यावरच नाक मुरडतात. मला तेच त्याचं मोठेपण वाटतं.

दुसरं 'डबल सीट'मधलं 'किती सांगायचंय मला'. जसराज जोशी गायलाय, शब्द स्पृहा जोशीचे. लालबागच्या घरात नव्या जोडप्याला धड कुजबुजायला जागा नाही, आणि गाणं म्हणतंय की सांगायचं खूप आहे. गाणं कथेत असं बसलं की ते वेगळं काढून ऐकतानाही ती खोली दिसते.

तिसरं 'सूर निरागस हो', चौथं 'अरुणी किरणी', दोन्ही 'कट्यार काळजात घुसली'मधली, शंकर-एहसान-लॉय यांची. पाचवं एक गाणं असं नाही, 'कोर्ट'मधली संभाजी भगतांची शाहिरी अख्खी धरतोय.

आता भांडण कशावरून होणार ते माहीत आहे. 'घेई छंद मकरंद', 'सुरत पिया की', 'तेजोनिधी लोहगोल', 'लागी कलेजवा कटार' यांतलं एकही मी घेतलेलं नाही. सिनेमा ज्या 'कट्यार' नाटकावरून आला, त्यातली ती 1967 ची पदं. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, चाली अभिषेकीबुवांच्या, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 2015 च्या यादीत ती घालणं म्हणजे नातवाच्या मुंजीत आजोबांना बटू म्हणून बसवणं. आजोबांचा मान मोठा आहे, पण मुंज त्यांची नाही.

तंबोरा

कानसेन, यादी वाचून वाईट वाटलं नाही, शेवटचा परिच्छेद वाचून वाटलं.

तुम्ही गाणं म्हणजे चाल अधिक शब्द एवढंच धरताय. रागसंगीतात असं चालत नाही. बंदिश दोनशे वर्षांची असते, गाणं त्या रात्रीचं असतं. सिनेमात खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचा नातू. पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याचा आवाज महेश काळे, म्हणजे अभिषेकीबुवांचा शिष्य. ही माणसं 1967 ची तबकडी पुसून परत वाजवत नव्हती. राहुलच्या 'सुरत पिया की'मध्ये आजोबांची आक्रमकता आहेच, पण ताना घेण्याची त्याची रीत त्याची स्वतःची आहे. कान देऊन ऐका.

आणि हे पाहा, तुमच्या मुद्द्याला खुद्द नाटकानेच उत्तर देऊन ठेवलंय. 'घेई छंद मकरंद' त्या नाटकात दोनदा येतं, दोन प्रतिस्पर्धी गवयांच्या तोंडी. पंडितजींचं सालगवराळी रागात, संथ, पाकळी पाकळी उलगडत जाणारं. खाँसाहेबांचं धानी रागात, चपळ आणि तयारीचं. शब्द तेच, कवी तोच, संगीतकारही तोच. तरी ती दोन गाणी आहेत, आणि अख्ख्या नाटकाचं भांडण त्या दोन गाण्यांमधल्या अंतरावर उभं आहे. अभिषेकीबुवांनीच एका पदाची दोन गाणी करून दाखवली आणि तुम्ही म्हणता पद जुनं म्हणून गाणं जुनं?

कळव्याचा_कानसेन

तंबोरासाहेब, उदाहरण झकास आहे, पण माझ्या बाजूने जास्त बोलतं. तिथे राग बदलला, लय बदलली, सगळा स्वभाव बदलला, म्हणून दोन गाणी झाली. आणि तो बदल 1967 मध्येच झाला. 2015 मध्ये त्या पदांची चाल कुणी बदलली? कुणी नाही, आणि बदलली नाही हे बरंच केलं. जिथे नवं लागलं तिथे शंकर-एहसान-लॉयनी नवं केलं. ते मी घेतलंय, दोन जागा दिल्यात.

तुमच्या हिशेबाने गेलो तर दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवात कुणीतरी एखादी जुनी चीज नव्याने मांडतं, ती त्या वर्षाची सर्वोत्तम ठरेल. मग वर्षाची यादी करायचीच कशाला?

कोल्हापुरी_ठेका

सगळं वाचलं. सालगवराळी बिलगवराळी चांगलंच आहे. पर मंडळी, शांताबाई कुठं हाय?

2015 च्या गणपतीत आमच्याकडं कुठल्या मंडळापुढं शांताबाई वाजली नाही ते एक नाव सांगा. संजय लोंढेंचं गाणं. ना मोठा सिनेमा, ना मोठी कंपनी, ना हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा. बेंजो सुरू झाला की पहिल्या चार ठोक्यांत गल्लीला कळायचं. मिरवणुकीत पोरं नाचायचीच, पर गॅलरीत हुभ्या राहिलेल्या बाया आतल्या आत पाय हलवायच्या. ज्या गाण्यावर सगळा महाराष्ट्र नाचला ते तुमच्या पाचात न्हाई, आन् जे गाणं कोर्टात बसून ऐकायचं ते हाय. यादी तुमची, म्हणा काय ते. पर "वर्ष भरलेलं होतं" असं म्हणताना ते कुणी भरलं तेबी सांगा की राव.

गॅलरीतली_शेवटची_खुर्ची

शांताबाई ऐकून त्या वर्षी विसर्जनाच्या आधीच कानात दडे बसले होते. खूप वाजलं म्हणजे आवडतं गाणं झालं का? मग रिक्षा मागे घेताना वाजते ती धून दर वर्षी पहिली येईल.

कानसेनांनी धागा "माझी" गाणी म्हणून काढलाय. लोकप्रियतेची मोजदाद काढलेली नाही.

कोल्हापुरी_ठेका

"माझी" म्हटलं की सुटलं व्हय? पहिल्या गाण्याची तारीफ काय केली त्यांनी ते वर जाऊन वाचा. "प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत ते आहे, तेच त्याचं मोठेपण." लग्नाच्या हॉलमध्ये वाजलं तर मोठेपण, मिरवणुकीत वाजलं तर दडे. हॉलचं भाडं परवडतंय त्यांचंच गाणं मोजायचं असं सरळ लिहा की.

कळव्याचा_कानसेन

ठेकासाहेब, हे लागलं. खोटं बोलणार नाही, शांताबाईवर मीही नाचलोय, कळव्याच्या नाक्यावर, चपला हातात घेऊन. तरी ते गाणं घरी येऊन मी परत लावलं नाही. माझी कसोटी तेवढीच: गर्दी पांगल्यावर ते गाणं माझ्याबरोबर घरी येतं का. 'धागा धागा' आलं.

हार्मोनियमवाली

सांगलीत गाण्याचा क्लास घेते, म्हणून या वादात माझा स्वार्थ आहे असं समजा.

'सूर निरागस हो' तिसऱ्या नंबरावर? कानसेन, त्या गाण्याने काय केलं ते तुम्हाला क्लासच्या पायरीवर बसल्याशिवाय कळणार नाही. नाट्यसंगीत शिकवते म्हटलं की त्याआधी पालक "हो का" म्हणून विषय बदलायचे. 2015 ची दिवाळी झाली आणि लोक मोबाइल पुढे धरून येऊ लागले, "मॅडम, हे शिकवाल?" गणपतीची प्रार्थना असल्यामुळे घरच्यांना चालतं, शाळेच्या संमेलनात चालतं, स्पर्धेत चालतं. आणि मुखडा असा आहे की सात-आठ वर्षांचं पोरही तो धरू शकतं. मग पुढच्या हरकतींपाशी अडकतं. गळा तिथे घसरतो, पोर चिडतं, आणि मी म्हणते, "चल, आधी पलटे करू." पलट्यांचा, म्हणजे त्याच त्या सुरांच्या घोकंपट्टीचा, कंटाळा करणारं पोर त्या एका जागेसाठी महिनाभर पलटे करतं. माझ्याकडची निम्मी मुलं त्या दाराने आत आली, आणि त्यांतली काही आज 'तेजोनिधी लोहगोल'च्या ललत पंचम रागापर्यंत पोचलीत.

म्हणजे नवं गाणं नसतं तर जुन्या पदांकडे कुणी वळलं नसतं, आणि जुनी पदं नसती तर ते नवं गाणं जन्मालाच आलं नसतं. तुम्ही सुरी घेऊन मधे रेघ मारताय, ती मला पटत नाही. आणि ते पहिल्या नंबरचं गाणं हवं.

एक गंमत. 'सूर निरागस हो'मध्ये शंकर महादेवनबरोबरचा आवाज आनंदी जोशीचा आहे. तुमच्या पहिल्या गाण्यातलाही तिचाच. तुमच्या यादीत पहिली कोण हे भांडण आहे, त्यात ती दोन्हीकडून जिंकते.

आजी_ऑनलाइन

मी 'कट्यार' रंगमंचावर पाहिलेलं आहे. वसंतरावांचं. त्यामुळे मुलांनो, थोडं मला बोलू द्या.

कानसेन म्हणतो ती पदं 1967 ची, म्हणून यादीबाहेर. मी म्हणते ती पदं यादीत घे, कारण ती 1967 ची नाहीतच. नाटकात पद संपायचं ते प्रेक्षकांनी संपवलं की. वन्समोर आला की वसंतराव तेच पद पुन्हा उचलायचे आणि तिसऱ्याच वाटेने न्यायचे. पेटीवाला आणि तबलजी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेले, कारण पुढे काय येणार ते त्यांनाही ठाऊक नसे. नाटक किती वाजता सुटेल ते कुणी सांगू शकत नसे. शेवटची बस चुकायची ती चुकायचीच.

सिनेमात ते पद काही मिनिटांत येतं आणि जातं. कापलेलं, घासलेलं, छान चकचकीत. दर वेळी लावलं की तसंच. राहुल गुणी मुलगा आहे, महेश तर फारच गोड गातो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ही वस्तू वेगळी. तिला वसंतरावांच्या वर्षाची तारीख लावू नका. 2015 ची आहे, 2015 मध्येच मोजा, आणि मग पाचवी द्या की सहावी ते तुमचं तुम्ही ठरवा.

तंबोरा

आजी, तुम्ही माझ्या बाजूने आलात असं वाटलं आणि शेवटी पाहिलं तर माझ्याच पायाखालचं जाजम ओढलंत.

आजी_ऑनलाइन

मी कुणाच्या बाजूने नाही. मी वसंतरावांच्या बाजूने आहे.

वाकडी_वाट

सगळे 'कट्यार'वर अडकलेत आणि पाचव्या नंबरावर कुणी बोलतच नाही, म्हणून मी बोलतो. 'कोर्ट' ग्रेट सिनेमा आहे, त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला गेला, मान्य. पण त्यातली गाणी सिनेमाबाहेर किती जणांनी ऐकली? कानसेनांचीच कसोटी लावू: ती घरी आली का? मला वाटतं, ही जागा चांगलं दिसावं म्हणून दिलीय.

खामगावकर

चांगलं दिसावं म्हणून? काहीबाही बोलता भाऊ.

त्या सिनेमाची गोष्टच गाण्यावर उभी हाय. मॅनहोलमधी उतरनारा एक सफाई कामगार मरते, आन् पोलीस म्हनते की नारायण कांबळे नावाच्या शाहिराचं गानं ऐकून त्यानं जीव देल्ला. म्हंजे आरोपी शाहीर, आन् पुरावा काय, तर गानं. आता ते गानं पडद्यावर कसं येते ते आठवा. कॅमेरा दूर, एका जागी गाडलेला. वस्तीतलं साधं स्टेज, ढोलकी, मागं कोरसवाले. कोनाचा क्लोजअप नाही, गानं मधातच कापत नाही. तुमी पन त्या गर्दीतच हुभे. वीरा साथीदार तं नट नोयतेच, नागपूरचे कार्यकर्ते मानूस. 2021 मधी कोरोनानं गेले.

आन् सिनेमाबाहेर कोनं ऐकलं म्हनता? संभाजी भगतांची गानी आमच्याकडं जयंतीले, मोर्चाले पयल्यापासून चालते. सिनेमा नंतर आला. तुमच्या घरी ते नसन आले, आमच्या घरी होतेच.

वाकडी_वाट

मग कानसेनांच्या नियमाने तीही जुनी झाली की. जयंतीला आधीपासून चालत असतील तर 2015 ची कशी?

खामगावकर

मी त्यायची गानी म्हनलो, हेच गानं नाही म्हनलो. वकिली करू नका.

कळव्याचा_कानसेन

वाकडी_वाट, बरोबर कोपऱ्यात पकडलंत. 'कोर्ट'मध्ये जे आहे ते त्या सिनेमासाठी, त्या खटल्यासाठी उभं केलेलं आहे, म्हणून ठेवतोय. शाहिरीची परंपरा जुनी आहे हे मला चालतं. जुनं चालत नाही असं मी म्हटलेलंच नाही. 'अरुणी किरणी'ही जुन्याच मुशीतलं आहे. ते केलं कधी एवढंच मी विचारतोय.

आणि एक पुरावा माझ्याकडूनही. त्या वर्षीच्या सिनेमांसाठी 63 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा महेश काळेंना पार्श्वगायनाचा मिळाला. तो 'घेई छंद'साठी नाही, 'अरुणी किरणी'साठी. परीक्षकांनीही नवंच उचललं.

तंबोरा

परीक्षक आठवतात आणि नंबर देताना त्याच गाण्याला चौथा? पुरस्कार मिळालेलं गाणं लग्नाच्या व्हिडिओच्या तीन पायऱ्या खाली?

कळव्याचा_कानसेन

पुरस्कार गायकीला आहे. गायकी म्हणाल तर 'अरुणी किरणी' पहिलं, वादच नाही. मी गाण्यांचे नंबर लावतोय.

हार्मोनियमवाली

गायकी बाजूला काढली की 'अरुणी किरणी'त उरतं काय, ते सांगा. मी मुलांना शिकवते ती गायकीच.

गॅलरीतली_शेवटची_खुर्ची

'निळकंठ मास्तर'मधलं 'अधीर मन झाले' कुणालाच आठवलं नाही? अजय-अतुल, श्रेया घोषाल. सिनेमा विसरला गेला म्हणून गाणंही विसरायचं? माझ्या यादीत 'किती सांगायचंय'च्या वर आहे. आणि 'मितवा'मधलं 'सावर रे मना'. चालू द्या तुमचं 'कट्यार'.

कळव्याचा_कानसेन

'अधीर मन झाले' सहावं होतं, शप्पथ. 'सावर रे मना' पहिल्या दहातही नाही, मारा मला.

तंबोरा

नंतर मारू. आधी हे सांगा, पुढच्या आठवड्यात 2016 ची यादी टाकणार आहात ना? 'सैराट'मध्ये चारच गाणी, चारही नवी, चारही त्याच वर्षीची. तुमच्या नियमात चारही फिट्ट बसतात. म्हणजे पाचांतल्या चार जागा आत्ताच भरल्या म्हणायच्या?

कळव्याचा_कानसेन

तीन. 'झिंगाट' घेणार नाही.

कोल्हापुरी_ठेका

काय घेणार न्हाई? थांबा, जेवन करून येतो. धागा बंद करू नका.