मदत हवी आहे: श्रमदानात दान आलेलं ताक अकरापर्यंत कसं टिकवायचं?

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे वाळू भरलेल्या पोत्यांचा कच्चा बांध, घालतोय. एक रविवार झाला, दोन उरलेत. साठेक माणसं, सकाळी सात ते अकरा, वर ऑक्टोबरचं ऊन. माणशी तासाला अर्धा लिटर धरलं तर 120 लिटर, म्हणजे पाण्याचे वीस लिटरचे सहा जार. ते एका हॉटेलवाल्यांनी कबूल केलेत. लिंबू, साखर, मीठ किराणावाल्यांकडून मिळतंय.

सिमेंटची रिकामी पोती गवंड्यांकडून जमवली. त्यातली बरीच कोयत्याने मधोमध फाडलेली निघाली, वाळू भरली की तिथूनच गळायची. आता मुकादमांना आधीच सांगून ठेवलंय, शिवण उसवूनच पोतं उघडा. तो प्रश्न सुटल्यात जमा आहे.

अडलंय ते ताकापाशी. गेल्या रविवारी पंधरा घरांचं ताक एकाच पिंपात ओतलं. एखाद्या घरचं आदल्या दिवशीचं असणार. नऊ वाजेपर्यंत अख्खं पिंप आंबट ढाण! चाळीस लिटर ताक ओतून दिलं, आणि देणाऱ्या काकूंना सांगायचं काय? पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, उपयोग झाला नाही.

ओढ्यावर वीज नाही. कारखान्याचा बर्फ पोटात नको. प्लास्टिकच्या पिशव्या ओढ्यात जातात, म्हणून त्या बंद. रोख वर्गणी घेत नाही, हिशेबावरून गावात आधीच एकदा वाजलंय.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: घरोघरी ताकाऐवजी घट्ट दहीच मागून ओढ्यावर घुसळावं का? आणि साठ जणांना दही किती किलो लागेल?