सायटिकामध्ये हाताने मणके हलवण्याचे उपचार घ्यावेत का?

डोंबिवलीकर:
नमस्कार. माझ्या पत्नीच्या कंबरेतून उजव्या मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत कळ जाते, लोकलमध्ये उभे राहिले की पायाला मुंग्या येतात आणि नुसते खोकले तरी चमक निघते. एमआरआयमध्ये एल-५ व एस-१ या कंबरेच्या तळाच्या मणक्यांमधील गादी (डिस्क) सरकून पायाकडे जाणारी शीर दबल्याचे, म्हणजेच सायटिका असल्याचे, दिसते. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी फिजिओथेरपी करा, असे डॉक्टर म्हणाले. एका ठिकाणी यंत्राचा शेक आणि ट्रॅक्शन (वजन किंवा यंत्राने कंबर ताणणे) देतात, दुसरीकडे हाताने मणके हलवतात. शीर दबलेली असताना हे सुरक्षित आहे का, आणि त्याने गुण येतो का?

परळची फिजिओथेरपिस्ट:
गादी हाताने ‘जागेवर बसवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तिथे जाऊ नये. हलक्या हाताने केलेल्या मोबिलायझेशनमुळे (सांधे हळूहळू हलवण्यामुळे) आखडलेले स्नायू सैलावतात, वेदना काही काळ उतरते आणि तेवढ्या अवधीत रुग्णाला व्यायाम करता येतो. खरी भिस्त त्या व्यायामावरच असते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असे म्हटले असून, ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. पायातली ताकद कमी होत असेल, तर कंबरेला जोराचा झटका मात्र कोणालाही देऊ देऊ नका.

व्यायाम लागू पडतो आहे की नाही, हे कळ कुठे सरकते यावरून कळते. आम्ही रुग्णाला पालथे झोपवून आधी कोपरांवर आणि सोसले तर तळहातांवर छाती उचलायला सांगतो. पोटरीतली कळ मांडीत आणि मग कंबरेत येऊन थांबली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण आहे. ती घोट्याकडे उतरू लागली, तर तो व्यायाम तिथेच थांबवावा.

शीवकर:
खर्चाचा प्रश्न असेल तर पालिकेच्या केईएम, शीव आणि नायर या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. खासगीत जाणार असाल, तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. मालिश करणाऱ्याच्या हाती दबलेली शीर देऊ नये.

डोंबिवलीकर:
मनापासून आभार. तोवर तिने सक्तीने झोपून राहावे का?

परळची फिजिओथेरपिस्ट:
नाही. गर्दीची वेळ टाळून, सोसेल तितके चालते-फिरते राहणेच हिताचे असते, आणि अनेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच ओसरते. मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर फिजिओथेरपीची वेळ येईपर्यंत थांबू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.