मिनीचं इंजिन आडवं का बसवलं?

गाडीवेडा: १९५९ ची ब्रिटिश मिनी जेमतेम १० फूट लांब, तरी चार माणसं बसतात. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं बॉनेटच केवढं! इंजिन आडवं टाकल्यानं एवढा फरक पडतो?

पानापक्कड: पडतो ना! तीस वर्षं पद्मिन्या खोलल्यात मी. इंजिन गाडीच्या लांबीत, त्यामागे गिअरबॉक्स, मग पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत लांबलचक शाफ्ट. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा छोट्या गाडीची निकड भासली. मिनीचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिसनं इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ऑइल चेंबरमध्ये कोंबला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. शाफ्ट गेला, जागा सुटली. चाकंही १० इंचीच, स्कूटरसारखी.

नवशिका: म्हणजे इंजिन-गिअरला ऑइल एकच?

पानापक्कड: एकच. गिअरच्या दातांत ते भरडून निघतं. मला हे कधीच पटलं नाही. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिम्युला या इटालियन गाडीत फियाटचा इंजिनिअर दान्ते जाकोसानं गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, एका रेषेत लावला, ऑइल वेगळं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच बांधणीच्या. आणि गंमत म्हणजे, तुमच्या पद्मिनीचं मूळ फियाट ११०० घराणंही जाकोसाचंच!

गाडीवेडा: बाबांना सांगतो. आता तर कुणाला हातच लावू देणार नाहीत.