कानाचं हाड, कर्णाश्म की कानखडा?

रंकाळाकाठ: माशांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. माशाच्या कानातलं 'हाड' बघून एकाच जातीतले वेगवेगळे गट ओळखतात, असा विषय. मी 'कर्णास्थी' लिहिलं, संपादकांनी लाल रेघ मारली: हे हाडच नव्हे. मग काय? आणि गटाला काय म्हणू? इंग्रजी 'पॉप्युलेशन'ला 'लोकसंख्या' लिहिलं की जनगणनेवाले दारात आल्यासारखं वाटतं.

मास्तरीण: संपादक बरोबर आहेत. हाड जिवंत असतं, झिजतं, भरून येतं. हा नुसता कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. थरावर थर चढतो आणि चढलेला थर सहसा विरघळत नाही. मासा ज्या पाण्यात वाढला तिथली स्ट्रॉन्शियम, बेरियमसारखी मूलद्रव्यं त्या थरात अडकतात, खड्याची कडही गटागटात थोडी वेगळी असते. ओळख पटते ती यावरून. 'कर्णाश्म' लिहा.

तांबडा_रस्सा: कर्णाश्म! वाचणाऱ्याच्या दातात अडकंल की ओ. मूत्राश्म कोण म्हणतंय? मुतखडाच म्हणतात. तसा 'कानखडा'.

मास्तरीण: 'कानखडा' म्हटलं की 'कानाला खडा' आठवतो. माशानं कसली शपथ घेतली?

तांबडा_रस्सा: परत गळाला लागणार नाही म्हणून!

जुना_पंतोजी: शपथ नंतरची, मुळात ती शिक्षा. आमचे गुरुजी कानाच्या पाळीला खडा लावून चिमटायचे. वाक्प्रचार त्यातूनच आला, माझी खात्री आहे.

मास्तरीण: खात्री म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, काका.

घाटउतार: माझी आजी मालवणची. ढोम्याचं डोकं खाताना दाताखाली कट्‌कन आलं की दोन पांढरे खडे ताटाच्या कडेला काढून ठेवायची. एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूला खाच. नाव काही नाही, नुसतं 'खडे'. ढोम्याच्या कुळातल्या एका प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच 'ओटोलिथस', म्हणजे कानातला खडा, असं आहे, इतके ते ठळक.

तांबडा_रस्सा: बघा, आजीनं निकाल लावला.

मास्तरीण: आजीला परिभाषा लिहायची नव्हती. खड्यांच्या तीन जोड्या असतात. ढोम्यात एक मोठी, रोहू-कटल्यात दुसरीच. नुसतं 'खडे' म्हटलं तर कुठला?

जुना_पंतोजी: पहिला खडा, दुसरा खडा. पण शिक्षेचं मी सांगतो ते खोटं नाही. माझ्या डाव्या कानाला अजून वण आहे.

रंकाळाकाठ: मंडळी, 'लोकसंख्या'चं काय? उद्या मजकूर द्यायचाय.

घाटउतार: 'साठा' लिहा. मच्छीमारीच्या लिखाणात चालतं.

तांबडा_रस्सा: साठा गोदामात असतोय, भावा.

जुना_पंतोजी: उजव्यालाही होता.