कॅरमचा गेम झाला, आता मल्टिप्लेअर ‘जोडायचा’ आहे म्हणे!

खटपट्या
परवा एका नवशिक्याने विचारलं होतं, की गोडो या गेम इंजिनात केलेला कॅरमचा गेम एका फोनवर दोघांना मस्त खेळता येतो, आता दोन गावांतल्या दोघांना खेळता यावा म्हणून काय करू? त्यावर एका महाशयांनी उत्तर ठोकलं: "इंजिनात सगळं तयार असतं, एक शनिवार-रविवार पुरे." आणि वर लोकांचे अंगठेच अंगठे. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मल्टिप्लेअर वरून चिकटवता येत नाही हो! नवशिक्याच्या गेममध्ये काय असतं? बोट उचललं की एकाच फंक्शनमध्ये स्ट्रायकरला धक्का, तिथेच आवाज, तिथेच गुण, तिथेच पाळी बदलणं. खेळाडूने काय केलं, बोर्डावर काय आहे आणि पडद्यावर काय दिसतंय, हे तीन भाग सुटे केल्याशिवाय नेटवर्कवरून पाठवणार काय, कपाळ? माइनक्राफ्टने २०१२ मध्ये, १.३ आवृत्तीत, एकट्याने खेळायच्या गेमलाही आतल्या आत सर्व्हर बसवला. हौस नव्हती ती, दोन वेगळे कोड सांभाळायला नकोत म्हणून. स्टारड्यू व्हॅली आला २०१६ मध्ये, त्यात मल्टिप्लेअर आला २०१८ मध्ये. गेम एका माणसाने केलेला, पण नेटवर्कचा भाग प्रकाशकाकडच्या दुसऱ्या प्रोग्रामरने लिहिला. आणि आपण पोराला सांगतोय शनिवार-रविवार.

काडीपैलवान
ते महाशय मीच. नाव घ्यायचं होतंत की, लाजताय कशाला.
कॅरम आहे साहेब, माइनक्राफ्ट नाही. पाळीपाळीचा खेळ. स्ट्रायकरची जागा, कोन, जोर. तीन आकडे पाठवा, समोरचा फोन तेच फिजिक्स चालवेल. खेळ खल्लास. तुमच्यासारख्यांच्या भीतीमुळे निम्मी पोरं सुरूच करत नाहीत.

खटपट्या
"तेच फिजिक्स" म्हणे! गोडोचं अंगचं फिजिक्स दोन वेगळ्या फोनवर तंतोतंत एकच उत्तर देईल याची हमी कुणी दिली? फुटायच्या फटक्यात १९ सोंगट्या एकमेकींवर आदळतात. दशांशात कुठेतरी खोलवर पडलेला फरक दर धडकेला वाढत जातो. तुमच्या फोनवर राणी भोकाच्या ओठावर थांबलेली, माझ्या फोनवर आत. कव्हर कुणी घ्यायचं मग?

निशाचर
लॉकस्टेपवर, म्हणजे नुसत्या चाली पाठवून प्रत्येकाने तोच खेळ आपापल्याकडे चालवायच्या पद्धतीवर, विषय आलाच आहे तर लिहितोच. एज ऑफ एम्पायर्स, १९९७. शेकडो सैनिक आणि २८.८चा मोडेम. सैनिकांच्या जागा पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून फक्त हुकूम पाठवायचे आणि ते सगळ्यांकडे थोड्या उशिराने, एकाच ठरलेल्या फेरीत अमलात आणायचे. पाव सेकंदाचा उशीर लोकांच्या लक्षातही यायचा नाही, फक्त तो कमीजास्त व्हायला नको. काडीपैलवान म्हणतात ती पद्धत चालते, पण एज ऑफ एम्पायर्सवाल्यांनी गेम पहिल्यापासून त्यासाठीच लिहिला होता. तरी आमच्या कॅफेत दोन तास खेळून जिंकायला आलं की ‘आउट ऑफ सिंक’ येऊन सगळं बंद. पैसे पूर्ण तासाचे.

मधली सुट्टी
तुम्ही तिघेही ग्रेट आहात. बोर्डावर १९ सोंगट्या आणि एक स्ट्रायकर, म्हणजे २० वस्तू. प्रत्येकीचे एक्स आणि वाय, ४-४ बाइट. झाले १६० बाइट. सेकंदाला २० वेळा पाठवलं तरी ३,२०० बाइट! फिजिक्स एकाच फोनवर चालवा, दुसऱ्याला नुसत्या जागा कळवा, त्याने मधल्या जागा भरून काढत चित्र दाखवावं. तुमची राणी ओठावर थांबायचा प्रश्नच येत नाही. मी कॉलेजात मुलांकडून असंच करून घेते. गोडोच्या डीबग मेनूतून दोन खिडक्या उघडायच्या, दुपारपर्यंत चालू होतं.

पण दुपारनंतर रडारड सुरू होते. एका वायफायवर चालतं, घरी गेल्यावर चालत नाही. एक कारण अगदी फालतू: अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट करताना इंटरनेटच्या परवानगीवर खूण करायची राहिलेली असते. दुसरं कारण म्हणजे सीजीनॅट: इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते, मग बाहेरून थेट आपल्या घरापर्यंत पोचता येत नाही.

निशाचर
त्या सीजीनॅटचं नाव काढू नका, डोकं फिरतं! परदेशी व्हिडिओवाले हसत हसत सांगतात, "राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा," म्हणजे बाहेरून आलेला निरोप आपल्या मशीनकडे वळवा. अरे, कुठल्या राउटरमध्ये? माझ्या राउटरचा बाहेरच्या बाजूचा (वॅन) पत्ताच १००.७० पासून सुरू होतो. शंभरनंतर ६४ ते १२७ मधला आकडा दिसला की समजायचं, खरा पत्ता कंपनीकडे, आपण तिच्या पोटात. केबलवाल्याला फोन केला, तर म्हणे, "स्पीड येतोय ना साहेब?" स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, मागितला तर वर्षाचे पैसे आगाऊ मागितले.

काडीपैलवान
आयपीव्ही६ नावाची गोष्ट असते, काका. नव्या पद्धतीचे पत्ते, सगळ्यांना पुरतील इतके.

निशाचर
असते की! केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सहा अजून आलं नाही, फाइव्ह-जी पाहिजे तर सांगा." आणि माझ्याकडे आलं तरी समोरच्याकडे नको? मित्र सांगलीत, त्याच्याकडे तिसराच केबलवाला. शिवाय फायरवॉल आहेच. आणि काका कोण?

मधली सुट्टी
भांडण नंतर. दोन्ही फोन बाहेरच्या एका लहानशा सर्व्हरला जोडले जातात, तो मधे बसून निरोप इकडून तिकडे देतो. दोघंही आतून बाहेर जात असल्याने सीजीनॅट आड येत नाही. कॅरमला दोनशे मिलिसेकंद उशीर झाला तर कुणी मरत नाही.

काडीपैलवान
आणि त्या सर्व्हरचं भाडं कोण भरणार, खटपट्या?

खटपट्या
अंगठे देणाऱ्यांकडून वर्गणी काढा.
ताईंचं म्हणणं पटलं, पण त्यात माझंच म्हणणं आहे. फिजिक्स एकाकडे आणि चित्र दोघांकडे करायचं, तर आधी गेमचे भाग सुटे करावेच लागतील. त्यांची मुलं पहिल्यापासून तसाच लिहीत असणार.

मधली सुट्टी
हो, पहिल्याच तासाला तसं सांगते. तयार गेम घेऊन येतात त्यांना पुन्हा लिहायला लावते. रुसतात.

काडीपैलवान
बरं, दंडवत. माझा जुना कॅरम काढला. भाग सुटे करण्यातच शनिवार गेला, हे मान्य, अंगठे परत घ्या. पण चालला. क्लायंटची आरपीसी, म्हणजे दुसऱ्या फोनने ‘हे फंक्शन चालव’ म्हणून पाठवलेला निरोप, सर्व्हर घेतच नव्हता; ‘एनी पीअर’ (कुणाकडूनही चालेल) लिहिल्यावर घेतली. हे त्या व्हिडिओत कुणी धड सांगत नाही.

खटपट्या
‘एनी पीअर’ लिहिलंत म्हणजे कुणीही ती आरपीसी मारू शकतो. पाठवणारा कोण आणि पाळी त्याचीच आहे का, हे सर्व्हरवर तपासताय का? नाहीतर समोरचा लागोपाठ दहा फटके मारेल.

काडीपैलवान
मित्रामित्रांत खेळायचंय हो. तिथे कोण चोरी करतंय?

निशाचर
तुम्ही कॅरम नक्की खेळला आहात ना? आमच्याकडे पावडर टाकायच्या निमित्ताने राणी बोटभर सरकायची.