गाडी घरीच धुवायची आहे, पण पाणी कमी आणि तेही जड: काय करावे?

प्रश्न – वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि उन्हाळ्यात हे अंतर आणखी वाढते. वरच्या वापरासाठी सोसायटीची बोअर आहे, परंतु तिचे पाणी इतके जड आहे की बाथरूमच्या तोट्या पाहता पाहता पांढऱ्या पडतात. अशा परिस्थितीत पाइप लावून गाडी धुणे मनाला पटत नाही आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवरही येते. नुसते कोरडे फडके मारावे, तर गाडीच्या गडद निळ्या रंगावर उन्हात बारीक गोल रेघोट्या दिसू लागतात. माझे प्रश्न असे आहेत: एक मध्यम आकाराची गाडी नीट स्वच्छ करण्यास किती पाणी पुरेसे आहे, आणि आरओमधून वाया जाणारे किंवा कूलरच्या टाकीत उरणारे पाणी त्यासाठी वापरता येईल का?

उत्तर १ – रेल्वेकॉलनी (भुसावळ)

दोन बादल्या, म्हणजे तीस-पस्तीस लिटर पाणी पुरते. चिखल नसेल तर त्याहून कमी. घरगुती पाइपातून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज जाते, त्यामुळे दहा मिनिटे पाइप चालू राहिला की शे-दीडशे लिटर गेलेच, आणि त्यातील बहुतेक पाणी गाडीला नुसते स्पर्शून फरशीवरून वाहून जाते.

आपल्याकडे पाण्याच्या प्रमाणापेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे, असे माझे मत आहे. मे हीटमध्ये सकाळी नऊनंतर बोनटवर हात ठेववत नाही. त्यावर जड पाणी पडले की ते पुसण्याआधीच वाळते आणि त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने रंगावर बसतात. म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी, सावलीत आणि इंजिन थंड असतानाच गाडी धुवावी. जड पाणी गाडीवर जितके कमी ओताल तितके ठिपके कमी पडतील. त्यामुळे आपल्या भागात पाणी जपणे आणि रंग जपणे या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीने साधतात.

ती पद्धत अशी. एका बादलीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. मायक्रोफायबरचा मोजा किंवा फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवून एक भाग पुसावा, नंतर ते साध्या पाण्यात खळबळून, पिळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. रेघोट्या पडतात त्या फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणांमुळे, आणि हे कण दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसले पाहिजेत, शाम्पूच्या बादलीत परत जाता कामा नयेत. सुरुवात टपापासून करावी, मग काचा, बोनट, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी दारांच्या खालच्या पट्ट्या घ्याव्यात. चाकांसाठी वेगळे, जुने फडके ठेवावे. ब्रेकची लोखंडी भुकटी लागलेले फडके पुन्हा बोनटवर फिरवू नये. एक भाग झाला की तो तिथेच कोरड्या फडक्याने टिपावा, संपूर्ण गाडी ओली करून ठेवू नये.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर मात्र टाळावी, कारण त्यांनी मेणाचा थर निघून जातो.

उत्तर २ – केळीबाग (रावेर)

वरील पद्धत योग्यच आहे, परंतु भुरकट धूळ आणि काळ्या मातीचा चिखल यांत फरक करावा लागतो. आमच्याकडे शेतातून आलेली गाडी पहिल्या फडक्यातच पुसायला घेतली, तर रंगाचे सॅंडपेपरने घासल्यासारखे होते. माती आधी ओली होऊन सुटली पाहिजे. त्यासाठी मी बॅटरीवरचा फवारणी पंप वापरतो. सोळा लिटरच्या टाकीतील पाणी बारीक फवाऱ्याने सोडले की ते वाहून न जाता चिखलावर मुरते; पाच-सात मिनिटांनी चिखल फुगून सैल होतो आणि दुसऱ्या फवाऱ्याला खाली उतरतो. टाकीत निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक राहते. एक कळकळीची सूचना: तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा पंप कितीही धुतला तरी या कामास घेऊ नये, त्यासाठी वेगळा पंप ठेवावा. शहरात कुंड्यांवर फवारण्याचा दोन लिटरचा हातपंप मिळतो, तोही चालतो.

मडगार्डच्या आतील कडेला साचलेली माती मात्र दुर्लक्षू नये. ही माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो. तिथे पाणी वाचवण्याचा विचार बाजूला ठेवला तरी चालेल. केळीचा चीक लागला असेल तर तो ताजा असतानाच पुसावा. एकदा काळा पडला की डाग जाण्याची आशा सोडावी.

उत्तर ३ – पांझरातीर (धुळे)

माझे मत थोडे वेगळे आहे. गाडी दर आठवड्यास धुवावीच का? समोरची व मागची काच, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट रोज ओल्या फडक्याने पुसावेत, कारण ते सुरक्षिततेचे काम आहे आणि त्यास तांब्याभर पाणी लागते. उरलेली गाडी तीन आठवड्यांनी धुतल्याने तिचे काही बिघडत नाही. पक्ष्यांची विष्ठा तेवढी लगेच काढावी: ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवावे आणि घासण्याऐवजी उचलून घ्यावे. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ मध्ये पिण्याचे पाणी वाहने धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड लावण्याचा आदेश निघाला होता; आपल्यावर तशी वेळ येण्याची वाट कशाला पाहायची?

उत्तर ४ – प्रयोगशाळा (चोपडा)

कूलर आणि आरओच्या पाण्याचा मुद्दा राहून गेला आहे, म्हणून लिहितो. कूलरमधून जे उडून जाते ते शुद्ध पाणी असते; क्षार टाकीतच राहतात आणि आपण वरून पुन्हा बोअरचे पाणी भरत राहतो. त्यामुळे टाकीच्या तळाचे पाणी मूळ बोअरपेक्षाही जड झालेले असते. ते गाडीच्या रंगावर अजिबात घेऊ नये. आरओच्या टाकाऊ पाण्यातही गाळून वेगळे केलेले क्षार एकवटलेले असतात. चाके, पायदान, रबरी मॅट आणि मडगार्ड यांसाठी ते खुशाल वापरावे, मात्र नंतर फडक्याने टिपावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्यामुळे शेवटच्या पुसण्यास उत्तम असते. अडचण एवढीच की खान्देशातील उन्हाळ्याची हवा कोरडी असते, त्यामुळे ज्या दिवसांत ते सर्वाधिक हवे असते त्याच दिवसांत ते सर्वांत कमी मिळते. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी सोडून गच्चीवरचे पाणी पिंपात धरून ठेवावे, ते गाडीसाठी सर्वांत चांगले.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो, हे लक्षात घेतले तर बोअरचे पाणी एकदा तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. नुकत्याच पडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी मिसळलेला व्हिनेगर सावलीत लावून मिनिटभरात स्वच्छ फडक्याने पुसावा आणि वरून साधे पाणी फिरवावे. जुने ठिपके रंगात उतरलेले असतात, तिथे पॉलिशच करावे लागते.

पुन्हा प्रश्नकर्ता – वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फवारणी पंपाची युक्ती मला कधी सुचली नसती. बाजारात न धुता नुसते पुसण्याचा जो शाम्पू मिळतो, त्याचा काही उपयोग होतो का? शिवाय उरलेले पाणी कढीपत्त्याला घालता येईल का?

उत्तर ५ – रेल्वेकॉलनी (भुसावळ)

तो शाम्पू चांगला असतो. बाटलीवरील प्रमाण पाहावे, परंतु साधारणपणे दहा लिटर पाण्यात चाळीस मिलिलिटरच्या आसपास लागतो आणि वरून पाणी ओतावे लागत नाही. त्यातील घटक धुळीचे कण उचलून घसरते ठेवतात. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ कोऱ्या बाजू मिळतात. प्रत्येक भागासाठी नवी बाजू घ्यावी, आठही मळल्या की दुसरे फडके घ्यावे. चिखलाच्या गाडीवर मात्र याचा प्रयोग नको, तिथे रावेरच्या भाऊंचा पंपच आधी चालवावा.

कढीपत्त्याला दुसऱ्या बादलीतील वरचे निवळलेले पाणी चालेल, तळाचा गाळ टाकून द्यावा. चाकांचे पाणी कोणत्याही झाडाला घालू नये, त्यात तेल आणि ब्रेकची भुकटी असते. ते बोअरपासून दूर, गटारातच जाऊ द्यावे.